वाचक विचारतात : गुलामगिरीनंतरचा मोरिशसचा ऊस

प्रश्न : गुलाम मोकळे झाल्यावर मोरिशसची ऊसशेती बसायला हवी होती. ती उलट वाढली कशी? (वाचक, बारामती)

माणसे बदलली, काम तेच राहिले, म्हणून. 1 फेब्रुवारी 1835 ला बेटावरचे सुमारे 66,000 गुलाम कायद्याने मोकळे झाले. नुकसानभरपाईचे वीस लाखांहून जास्त पौंड मिळाले ते मालकांना. राबणाऱ्यांच्या हाती दमडी आली नाही. वर ‘शिकाऊ कामगार’ या नावाखाली त्याच मालकाकडे आठवड्याला 45 तास फुकट राबायचे. हा प्रकार 31 मार्च 1839 ला थांबला आणि बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. मळेवाले त्यांना आळशी म्हणत. तो आरोप खोटा आहे. हीच माणसे एक-दोन आर्पांचे तुकडे (एक आर्पां म्हणजे एकराहून किंचित जास्त) विकत घेऊन मका, साबुदाण्याचा कंद, भाजीपाला पिकवत होती, मासेमारी आणि सुतारकाम करत होती. ज्या फडात चाबूक खाल्ला तिथे पडेल त्या मजुरीवर परत जायला ती तयार नव्हती, एवढेच.

मालकांनी सोय आधीच लावली होती. 2 नोव्हेंबर 1834 ला, म्हणजे मुक्तीच्या तीन महिने आधी, ‘अ‍ॅटलास’ जहाजातून 36 मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये, दिवसाला दोन पौंड तांदूळ, अर्धा पौंड डाळ, मीठ, तेल. सहा महिन्यांची उचल आधीच हातात, आणि परतीच्या भाड्यासाठी दरमहा एक रुपया कापून ठेवायचा. पुढे या वाटेने साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. 1825 मध्ये ब्रिटनने मोरिशसच्या साखरेवरची जादा जकात काढली तेव्हा निर्यात 11 हजार टनांच्या आसपास होती. 1850 च्या दशकाच्या मध्यात ती लाखापलीकडे गेली.

प्रश्न : प्रत्यक्ष फडातले काम कसे होते? नांगर वापरत का? (वाचक, सांगली)

बहुतेक ठिकाणी नाही. तिथली जमीन ज्वालामुखीची, काळ्या दगडांनी भरलेली. नांगराचा फाळ दोन पावलांवर अडकायचा. म्हणून आधी दगड वेचून शेतातच त्यांचे ढीग आणि बांध रचायचे. ते ढीग उसाच्या मधोमध आजही दिसतात. मग कुदळीने ओळीत खड्डे घ्यायचे, साधारण हातभर लांब आणि वीतभर खोल. तळाशी शेणखत, त्यावर उसाच्या दोन-तीन कांड्या आडव्या, वर थोडीच माती. ऊस वाढेल तसा खड्डा भरत आणायचा. खड्डा उथळ राहिला की मुळे वर येतात आणि वादळात ऊस मुळासकट उपटतो. तिथे चक्रीवादळे डिसेंबर ते एप्रिलमध्ये येतात, आणि तोवर पीक चांगले उंच झालेले असते.

तोडणी जून-जुलैपासून डिसेंबरपर्यंत. एकदा लावलेल्या उसाचे खोडवे (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणारे पीक) वर्षानुवर्षे घेत, म्हणून जमीन खंगायची. 1840 नंतर पेरूहून ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत, मोठ्या प्रमाणात येऊ लागले. गिरणीत बैल आणि पाणचक्की जाऊन वाफेचे इंजिन आले, पण त्याने फडातल्या माणसाचा भार हलका झाला नाही. वाफेच्या चरकाची भूक मोठी, आणि तोडलेला ऊस एक-दोन दिवसांत गाळला नाही तर त्यातली साखर घटते. कुदळ, खड्डा आणि टोळी ही गुलामांच्या काळातलीच राहिली. टोळीवर आता ‘सरदार’ असे, आपल्याकडे ऊसतोडीत मुकादम असतो तसा.

प्रश्न : ‘डबल कट’ म्हणजे काय? (वाचक, बीड)

एक दिवस गैरहजर तर दोन दिवसांची मजुरी कापायची. 1847 च्या कायद्याने हे पक्के झाले. हिशोब मांडून पाहा. पाच रुपये म्हणजे 80 आणे, कामाचे दिवस 26, म्हणजे रोजचे तीन आणे. एक खाडा झाला की सहा आणे गेले. महिन्यात 13 दिवस तापाने पडलेल्या माणसाने उरलेले 13 दिवस पूर्ण राबले तरी हातात शून्य. मालक आजारपणालाही खाडाच धरतो, पगार महिनोन् महिने थकवतो, अशा तक्रारी सतत होत.

करार संपला तरी सुटका नव्हती. 1867 पासून अशा ‘जुन्या’ मजुराला स्वतःचा फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पास नसेल तर तो भटक्या ठरून तुरुंगात. हरवलेल्या पासची नक्कल काढायला एक पौंड, म्हणजे नव्या मजुराचा दोन महिन्यांचा पगार. हेतू उघड होता : माणसाने बाहेर भाजी पिकवण्याऐवजी मुकाट्याने नवा करार करावा. 1871 मध्ये 9,401 जुन्या मजुरांनी या छळाविरुद्ध अर्ज केला, अडोल्फ द प्लेवित्झ या मळ्याच्या व्यवस्थापकाने तो गव्हर्नरपर्यंत नेला, चौकशी आयोग बसला आणि 1878 मध्ये कामगार कायदा बदलला.

प्रश्न : मजुरांकडे जमीन कधी आली? (वाचक, कोल्हापूर)

साखरेचे भाव पडून मळेवाले अडचणीत आले तेव्हा, मुख्यतः 1870 नंतर. त्यांनी कडेची, दगडाळ जमीन तुकडे पाडून विकली. काही रक्कम रोख, उरलेली हप्त्याने. पहिले गिऱ्हाईक बहुधा सरदार, कारण पैसा त्यांच्याकडे साठलेला. गिरणी मात्र मळेवाल्यांकडेच राहिली, आणि खरी मेख तीच. हलक्या जमिनीत तग धरतो म्हणून लहान शेतकरी ‘उबा’ जातीचा ऊस लावत. वजन भरपूर, साखर कमी. 1937 मध्ये गिरण्यांनी त्याच्या भावात 15 टक्के कपात केली, शेतकरी आणि मजूर रस्त्यावर उतरले आणि ऑगस्टमध्ये युनियन फ्लाक इथे गोळीबारात चौघे मारले गेले.

प्रश्न : रत्नागिरीकडून गेलेल्या पूर्वजांचा माग कसा काढावा? (वाचक, लांजा)

मराठी माणसे बहुतेक मुंबई बंदरातून गेली, त्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडची बरीच. नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. प्रत्येक मजुराला एक क्रमांक होता; तिथल्या नातलगांकडे जुना जन्म किंवा लग्नाचा दाखला असेल तर आधी त्यावर तो शोधा. क्रमांकावरून जहाज, वर्ष, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा आणि गाव लागते. आडनावाने शोधू नका. कारकून ऐकू आले तसे लिहीत, आणि आजोबांचे ‘रामजी’सारखे नावच पुढे नातवंडांचे आडनाव झाले. गावाचे इंग्रजी स्पेलिंग मोठ्याने, कोकणी कानाने वाचा. तीन-चार वेळा वाचल्यावर वाडी ओळखू येते.