वाचकांचे प्रश्न : ई-रीडर आणि उसनी पुस्तकं

प्रश्न : इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून पुस्तक घेतलं, तर 'एसीएसएम' नावाची फाईल उतरली. कोबो ई-रीडरवर टाकली, पण उघडत नाही. (न्यू जर्सी)

उत्तर : ती फाईल म्हणजे पुस्तक नव्हे, पुस्तक मिळवण्याची चिठ्ठी आहे. तिचा आकार बघा, जेमतेम काही केबी भरेल. संगणकावर अडोबी डिजिटल एडिशन्स हा प्रोग्रॅम टाका, हेल्प मेन्यूतून अडोबी आयडी देऊन संगणक ऑथराइझ (अधिकृत) करा आणि मग ती फाईल उघडा. खरं पुस्तक तेव्हा उतरेल. कोबो यूएसबीने जोडून तोही त्याच आयडीवर ऑथराइझ करा आणि पुस्तक याच प्रोग्रॅममधून डावीकडच्या कोबोच्या नावावर ओढा. फोल्डरमधून नुसतं कॉपी केलंत तर परवाना सोबत जात नाही आणि पुस्तक उघडत नाही. आयडी वेगळे असले तरी हेच होतं.

तुमचं ग्रंथालय ओव्हरड्राइव्ह या ई-पुस्तकं उसनी देणाऱ्या सेवेवर असेल तर हा खटाटोप करूच नका. बहुतेक नव्या कोबोंमध्ये सेटिंग्जमध्येच ओव्हरड्राइव्हचं खातं जोडता येतं.

प्रश्न : कोबोवर मराठी पुस्तकांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. कधी कधी जोडाक्षरंही फुटतात. (सांगली)

उत्तर : गूगल फॉन्ट्सवरून 'टिरो देवनागरी मराठी' घ्या, मोफत आहे. त्यात आपल्या वळणाची अक्षरं मुळातच आहेत. कोबो संगणकाला जोडा, सगळ्यात वरच्या पातळीवर 'फॉन्ट्स' नावाचं फोल्डर लहान इंग्रजी अक्षरांत (fonts) करा आणि फॉन्टच्या टीटीएफ फाइली त्यात ठेवा. फाइलींची नावं बदलू नका, नावाच्या शेवटच्या 'रेग्युलर', 'इटॅलिक' यांवरूनच कोबो त्यांची जोडी लावतो. या फॉन्टला स्वतंत्र ठळक वळण नाही, त्यामुळे ठळक मजकूर थोडा फुगल्यासारखा दिसेल. पुस्तक उघडून फॉन्ट निवडा आणि 'कैऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द शोधून पाहा. अर्धा र नीट दिसला की फॉन्ट पास.

जोडाक्षरं तरीही फुटत असतील तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. साधा ईपब (ई-पुस्तकांचा नेहमीचा फाईल-प्रकार) आणि केपब (कोबोचा स्वतःचा प्रकार) यांसाठी कोबो वेगवेगळी यंत्रणा वापरतो. कॅलिब्रे या ई-पुस्तकं सांभाळण्याच्या प्रोग्रॅममधून पुस्तक केपब करून घाला. मात्र हे फक्त कुलूप (कॉपी रोखणारं बंधन) नसलेल्या पुस्तकांना लागू आहे, ग्रंथालयातून उसन्या घेतलेल्यांना नाही.

प्रश्न : मोफत मराठी पीडीएफ सहा इंची पडद्यावर वाचवत नाहीत. ईपब केलं तर अक्षरांचा चुराडा होतो. (नाशिक)

उत्तर : होणारच. पुष्कळ पीडीएफ जुन्या, युनिकोड (अक्षरांचे सर्वमान्य संकेत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. युनिकोड असला तरी पीडीएफमधून मजकूर काढताना ऱ्हस्व वेलांटी अनेकदा भलत्या अक्षराला चिकटते. 'के-टू-पीडीएफ-ऑप्ट' वापरा. हा मोफत प्रोग्रॅम अक्षरं न वाचता पानाच्या चित्रातून शब्द कापून नव्या ओळी लावतो, त्यामुळे वेलांट्या जागच्या जागी राहतात. आधी पाच-दहा पानांवर करून पाहा. कवितेच्या ओळी मात्र त्यात मोडतात, कवितासंग्रह आडवा धरूनच वाचा.