टॅक्सचे पैसे एकदम नाहीत, हप्ते चालतील का?

प्रश्न : नमस्कार. नोकरी सोडून मी भाषांतर आणि सबटायटलची कामं घेते, हे दुसरं वर्ष. २०२५-२६ चे कागद सीएकडे दिले तर खर्च वजा जाता उत्पन्न १५ लाख निघालं, आणि टीडीएस धरूनही अजून ६० हजार टॅक्स भरायचाय म्हणे, वर व्याज वेगळं. दोन क्लायंटनी पैसे अडकवलेत, खात्यात एवढी रक्कम नाहीये. याचे ईएमआय करून मिळतात का? की क्रेडिट कार्डवर टाकून मोकळी होऊ?

उत्तर : कार्डवर टाकू नका, हे आधी. टॅक्स थकला तर महिन्याला १ टक्का व्याज लागतं, कार्डाची थकबाकी पुढे ढकलली तर तीन टक्क्यांच्या पुढेही जातं, शिवाय पेमेंट गेटवेचा चार्ज. स्वस्त देणेकऱ्याला फेडायला महागडा सावकार कशाला गाठायचा?

आता हप्त्यांचं. सरकारने हप्ते दिले होते, तेही बिनव्याजी, फक्त ते वर्ष चालू असतानाच संपले. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा टॅक्स १० हजार किंवा जास्त होणार असेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. तुमच्या ६० हजारांचे झाले असते ९ हजार, १८ हजार, १८ हजार आणि १५ हजार. नोकरीत हे कंपनी पगारातून दरमहा कापून करत होती म्हणून कधी जाणवलं नाही, आता क्लायंट फार तर १० टक्के टीडीएस कापतो आणि काही जण तर कापतच नाहीत, आणि आपण खात्यात आलेले सगळे पैसे आपलेच समजून बसतो.

व्याज किती होतं तेही बघून घ्या, म्हणजे उगाच धसका नको. चारही हप्ते चुकले म्हणून पहिल्या तीन तारखांना तोवर एकूण जेवढे भरायला हवे होते (९, २७ आणि ४५ हजार) त्यावर ३-३ टक्के आणि शेवटी पूर्ण ६० हजारांवर १ टक्का, म्हणजे २७० + ८१० + १,३५० + ६००, एकूण ३,०३० रुपये. हे झालं ते झालं, आता कमी होणार नाही. दुसरं व्याज मात्र अजून चालू आहे, १ एप्रिलपासून महिन्याला १ टक्का, आणि महिन्यातला एक दिवस जरी गेला तरी पूर्ण महिना धरतात. जुलैत सगळे भरले तर ४ महिन्यांचे २,४००. त्यामुळे ३१ तारखेला भरण्यात आणि १ तारखेला भरण्यात ६०० रुपयांचा फरक पडतो, एवढं लक्षात ठेवा.

मग आज काय करायचं? ईएमआय अशी सोय आयकर पोर्टलवर नाही, पण सगळी रक्कम एकाच चलनाने भरा असंही कोणी म्हणत नाही. ई-पे टॅक्समध्ये जाऊन जमेल तसे २० हजार आत्ता, क्लायंटने दिले की उरलेले, अशी दोन-तीन चलनं करा, सगळी सेल्फ असेसमेंट टॅक्स (कोड ३००) या प्रकारात. भरलेल्यातून आधी व्याज वळतं होतं, मग मूळ टॅक्स, त्यामुळे शेवटच्या चलनाच्या आधी सीएकडून ताजा आकडा घ्या, नाहीतर शे-पाचशे राहून जातात आणि त्याचीच नोटीस येते.

चलन करताना एक ठिकाणी हमखास फसायला होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवीन कायदा आलाय आणि त्यात कमाईच्या वर्षालाच 'कर वर्ष' म्हणतात. तुमची बाकी आहे ती जुन्या कायद्यातली, तिचं करनिर्धारण वर्ष (म्हणजे कमाईच्या पुढचं वर्ष) २०२६-२७. आणि आत्ता चालू असलेल्या कमाईचं कर वर्षही २०२६-२७! आकडे तेच, पैसे वेगळ्या वर्षाचे. बटण दाबायच्या आधी दोनदा वाचा, चुकलं तर दुरुस्ती करत बसावं लागतं.

आणि पैसे नाहीत म्हणून रिटर्न लांबवू नका, ही चूक सगळ्यात महागात पडते. उशिरा भरलं तर तुमच्या उत्पन्नाला ५ हजार लेट फी, वर बाकीवर आणखी १ टक्का महिना. जमेल तेवढं भरून रिटर्न वेळेत टाका. उरलेल्याची डिमांड (आयकर खात्याची मागणीची नोटीस) आली की साधारण ३० दिवस असतात, ती मुदत संपायच्या आत असेसिंग ऑफिसरकडे हप्ते पाडून द्या असा अर्ज करता येतो. द्यायचे की नाही ते त्यांच्या हातात, व्याज सुटत नाही, आणि गप्प बसलात तर दंडही लागू शकतो. म्हणून हा शेवटचा उपाय समजा, प्लॅन नाही.

पुढच्या वर्षासाठी माझं म्हणणं एवढंच की दर पेमेंट आलं की त्याच दिवशी ठराविक टक्के वेगळ्या खात्यात टाका, तुमच्या आकड्यांना टीडीएस न कापणाऱ्या क्लायंटच्या पैशातले १० टक्के काढले तरी बरंचसं भागेल. जूनचा हप्ता चुकला असेल तर सप्टेंबरमध्ये गाठा. आणि अंदाज थोडा चुकला तरी चालतं, जूनला १२ आणि सप्टेंबरला ३६ टक्के भरलेले असले तर त्या दोन हप्त्यांचं व्याज लागत नाही. मार्चची १५ हुकली तर ३१ मार्चपर्यंत भरलेलंही ॲडव्हान्स टॅक्समध्येच धरतात.

प्रश्न : बाबा ६७ वर्षांचे, पेन्शन आणि एफडीचं व्याज. त्यांनापण हे चार हप्ते आहेत का?

उत्तर : नाहीत. भारतात राहणारे, ६० पूर्ण झालेले आणि धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेले असतील तर ॲडव्हान्स टॅक्स लागत नाही, रिटर्न भरताना एकदम भरला की झालं. पण बाबा संध्याकाळी चार मुलांच्या शिकवण्या घेत असतील तर ते व्यवसायाचं उत्पन्न होतं आणि ही सूट जाते. ते आधी विचारून घ्या.