मेंदूज्वरात ताप उतरला की लेकराला घरी आणायचं का?

भाऊ, दीड वर्षाचा भाचा वर्ध्याला भरती आहे, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, इकडे सोयाबीनची सोंगणी खोळंबली. मग सुट्टी घेऊन बाकीचं औषध गावीच बाटलीतलं पातळ औषध पाजून पुरं केलं तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. नाही चालणार. मी ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे, हा प्रश्न दर हंगामात येतो.

रक्तातलं काहीबाही मेंदूत शिरू नये म्हणून मधे एक आडोसा असतो. जंतूंच्या मेंदूज्वरात मेंदूच्या आवरणाला सूज असताना तो ढिला पडतो, औषध बऱ्यापैकी आत जातं. सूज ओसरली की तो पुन्हा आवळतो, जंतू मात्र सगळे मेलेले नसतात. म्हणून डोस मोठा, आणि शिरेतूनच. सेफ्ट्रिॲक्सोन हे जंतू मारायचं इंजेक्शन दिवसाला किलोमागे 100 मिलीग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे 10 किलोच्या पोराला रोज 1 ग्रॅम. पातळ औषधातून तेवढं मेंदूपाशी पोचतच नाही.

दिवस जंतूवर ठरतात. मेनिंगोकोकसला साधारण 7, हिबला 7 ते 10, न्यूमोकोकसला 10 ते 14. पाचव्या दिवशी ठणठणीत असलेल्या लेकरांत 5 दिवसही पुरतात, असं 2011 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, सोंगणीने नाही.

‘पाठीतलं पाणी काढलं तर लेकरू लुळं पडेल’ म्हणून बहिणीने नकार दिला, असंही लिहिलंय. अहो, सुई टोचतात ती कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली. पाणी नाही तर जंतू कोणता ते कळणं अवघड, मग डॉक्टर लांबचाच कोर्स धरणार. दिवस वाढले ते त्यानेही.

औषधासाठी शिरेत सुई लावलेला हात सांभाळा. आम्ही इंजेक्शनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, कापूस गुंडाळून तळहाताखाली बांधतो, म्हणजे हात दुमडत नाही. हात सुजला, लाल झाला तर रात्री दोनलाही सिस्टरला उठवा. चिडली तर चिडू द्या.

आणि या आजाराने ऐकू येणं जाऊ शकतं, म्हणून कानाची बेरा तपासणी (लेकराला ऐकू येतं का ते यंत्राने बघतात) जमलं तर सुट्टीआधी, नाहीतर महिन्याभरात कराच. पोरगं हाकेला वळत नाही तर घरचे त्याला हट्टी म्हणतात, आणि तोवर आतला कान हाडासारखा भरून येऊ शकतो. मग ऐकू येण्याचं यंत्र आत बसवणंही कठीण होतं.