राजवाडा स्वस्त, बाजार महाग

जुन्या चित्र-पोस्टकार्डांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजीच्या ट्रंकेत साठ-सत्तर जुनी कार्डे निघाली. लक्ष्मी विलास राजवाडा, ताजमहाल, सुरसागर तलाव, मांडवी दरवाजा, काही रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती, आणि विलायतेहून आलेली गुलाबांची शुभेच्छा-कार्डे. यातले मोलाचे काय?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : गुलाब आधी बाजूला काढा. फुले, मांजरीची पिल्ले, नाताळच्या शुभेच्छा असली कार्डे त्या काळी लाखांनी छापली गेली आणि लोकांनी ती जपूनही ठेवली, म्हणून आज ढिगाने मिळतात. ताजमहालाचेही तसेच. वास्तू जितकी मोठी तितके कार्ड महाग, हा समज घरोघरी आहे. बाजार नेमका उलटा चालतो. लक्ष्मी विलास १८९० साली पूर्ण झाला. पुढे बडोद्याला आलेल्या पाहुण्यांनी याच राजवाड्याची कार्डे उचलली, कारण छापणारेही तीच छापत होते. हे कार्ड सुंदर आहे, पण दुर्मीळ नाही.

मांडवीच्या कार्डांकडे मात्र भिंगातून पाहा. नुसता दरवाजा असेल तर साधे कार्ड. दरवाज्याखाली दुकानांची रांग, वाचता येणारी पाटी, टांगे, विक्रेते, त्या दिवशीची गर्दी दिसत असेल तर त्याचे गिऱ्हाईक वेगळे. छोट्या स्थानकाचा फलाट, शाळा, छापखाना, पुराचे पाणी, मिरवणूक हे विषय छापणाऱ्यांना किफायतशीर नव्हते, म्हणून कमी छापले गेले. त्यात एकाच कार्डाला दोन प्रकारचे संग्राहक असले की भाव चढतो. बडोद्याजवळची डभोईची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, घ्या. १८६२ साली ती बैलांनी ओढली जायची. तिचे जुने कार्ड निघाले तर बडोदा गोळा करणारा आणि रेल्वे गोळा करणारा, दोघेही मागतील.

रविवर्म्याच्या कार्डांत दोन जाती आहेत आणि फरक मोठा आहे. सयाजीराव तिसरे यांच्यासाठी रविवर्म्याने चौदा पौराणिक चित्रे काढली, म्हणून बडोद्याच्या घरांत त्याची नक्कल सापडली तर नवल नाही. पहिली जात रविवर्मा प्रेसने दगडावरून, म्हणजे शिळाछापाने, काढलेल्या कार्डांची. प्रेस १८९४ मध्ये मुंबईत निघाली आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेली. कार्डावर प्रेसचे नाव असते, रंग एकावर एक बसवलेले असतात आणि भिंगाखाली नियमित ठिपक्यांची जाळी दिसत नाही. दुसरी जात त्याच चित्राची नंतरच्या कोणी जाळीछापाने, म्हणजे ठिपक्यांच्या जाळीने, काढलेली नक्कल. चित्र तेच, नाव तेच, मोल नाही. चित्रकार म. वि. धुरंधरांच्या मुंबईकर बायका आणि लोकांच्या चित्रांची कार्डेही अशीच शोधली जातात. कोपऱ्यात सही आहे का ते बघा.

सर्वांत वर खरे फोटो, म्हणजे छापलेले नव्हेत तर फोटोच्या कागदावर काढलेले. त्यांच्या प्रती बहुधा थोड्याच निघत. अनोळखी कुटुंबाचा स्टुडिओ-फोटो मात्र कवडीमोल असतो. स्थळाचे नाव, छायाचित्रकाराचा ठसा किंवा ओळखीचे दुकान असेल तरच त्याला अर्थ येतो.

तेव्हा पाच गठ्ठे करा : खरे फोटो, रविवर्मा-धुरंधर, माणसांनी भरलेले रस्ते-बाजार-रेल्वे, प्रसिद्ध वास्तू, शुभेच्छा. पहिल्या तीन गठ्ठ्यांवर वेळ घालवा.

प्रश्न : हल्ली जुन्या कार्डांच्या नव्या नकला विकल्या जातात असे ऐकतो. ओळखायच्या कशा? आणि कार्ड कोणत्या काळचे हे कसे सांगता येते?
— रावपुऱ्यातील वाचक

उत्तर : दहापट मोठे दाखवणारे, घड्याळजींचे असते तसे भिंग घ्या आणि चेहरा किंवा आकाश अशा सपाट जागेवर धरा. चार रंगांचे ठिपके फुलासारख्या वर्तुळात मांडलेले दिसले की आधुनिक ऑफसेट. बारीक, फवारल्यासारखे, वेडेवाकडे रंगीत ठिपके म्हणजे घरगुती इंकजेट. एकाच काळ्या रंगाची सरळ रांगांतली जाळी हे जुने हाफटोन. सुरकुतलेल्या कागदासारखे अनियमित कण म्हणजे कोलोटाइप ही जुनी छपाई. चांगल्या जुन्या कार्डांत ते पुष्कळ आढळते. आणि काहीच ठिपके नाहीत, छटा सलग उतरत गेलेल्या, गडद भागात तिरप्या उजेडात चंदेरी झाक आली, तर खरा फोटो. ही चंदेरी झाक दोष नव्हे, वयाचा पुरावा आहे.

मग अंधारात अतिनील टॉर्च मारा. साधारण १९५० नंतरच्या कागदात उजळवणारे द्रव्य असते, तो निळसर पांढरा चमकतो. जुना कागद मंद पिवळट राहतो. मात्र चमकला नाही म्हणजे जुनाच, असे धरू नका. जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर छापणारे लबाड असतातच. टॉर्चने फक्त बनावट पकडता येते, अस्सलपणा सिद्ध होत नाही.

आकार मोजा. जुने प्रमाण साडेपाच इंच बाय साडेतीन इंच, म्हणजे सुमारे १४० बाय ८९ मिलीमीटर. १४८ बाय १०५ असेल तर कार्ड अलीकडचे. चारही बाजू कात्रीने सारख्या केल्या असतील तर आकार कमी भरतो. कापलेल्या कार्डाला संग्राहक हात लावत नाहीत.

काळ ठरवायला पाठ बघा. पाठीवर फक्त पत्ता आणि मजकूर चित्राच्या बाजूला, कडेच्या मोकळ्या जागेत, असेल तर कार्ड बहुधा विसाव्या शतकाच्या अगदी पहिल्या वर्षांतले किंवा त्याआधीचे. उभी रेघ मारून पाठीचे दोन भाग करायला ब्रिटनमध्ये १९०२ ला परवानगी मिळाली, जर्मनीत १९०५ ला आणि अमेरिकेत १९०७ ला. खऱ्या फोटोच्या पाठीवर तिकिटाच्या चौकटीत आझो (AZO) या फोटो-कागदाचे नाव असेल तर कोपऱ्यातले त्रिकोण बघा. चारही टोके वर असतील तर १९०४ ते १९१८. दोन वर, दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०. पुढे तिकिटावरचा राजा बघा. एडवर्ड सातवा १९०२ पासून, पंचम जॉर्ज १९११ पासून, सहावा जॉर्ज १९३७ पासून. देशातल्या कार्डाला १८७९ पासून पाव आणा लागत असे, १९२२ मध्ये अर्धा आणा झाला. म्हणून पाव आण्याचे तिकीट आणि शिक्क्यात १९२५ साल असे दिसले तर थांबा. एक तर टपाल कमी भरले म्हणून दंडाचा शेरा असायला हवा, नाहीतर तिकीट मागाहून चिकटवले आहे.

शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कार्डावर पडला आहे का, आणि त्याच्या रेषा सीमेवर सरळ जुळतात का, हे नेहमी पाहावे. जुळत नसतील तर बाकी काही बघायची गरज नाही.

प्रश्न : सासऱ्यांच्या कागदांत 'GWALIOR' असा काळा ठसा असलेली राणीच्या छापाची कार्डे आहेत. हा ठसा खरा की नकली? बडोद्याच्या आणि इंदूरच्या संस्थानांची अशी कार्डे का दिसत नाहीत?
— एक वाचिका, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ग्वाल्हेर संस्थानने ब्रिटिश हिंदच्याच तिकिटांवर आणि कार्डांवर आपले नाव छापून ती वापरली. १८८५ पासून ही पद्धत आहे, आणि ब्रिटिश हिंदशी असा टपाल-करार केलेल्या संस्थानांत पतियाळा, जिंद, नाभा, चंबा, फरीदकोट हीही होती. नाव इंग्रजीबरोबर हिंदीतही असे. टपाल संस्थानात आणि ब्रिटिश हिंदमध्ये चाले, परदेशी नाही. म्हणून वापरलेल्या कार्डावर पाठवणीचा शिक्का लष्कर, मोरार, उज्जैन अशा संस्थानातल्या ठाण्याचा हवा. लंडनला गेलेले कार्ड, किंवा बडोद्याहून टाकलेले, म्हटले की शंका घ्यावी. ठसा शिक्क्याच्या वर आलेला दिसला तर तो नंतरचा. अस्सल कार्डावर ठसा आधी छापला जातो, शिक्का त्यावर पडतो. कोरी कार्डे स्वस्त असतात. स्पष्ट शिक्का, छोटे ठाणे आणि वाचता येणारा मजकूर असलेली वापरलेली कार्डे अधिक मागितली जातात.

इंदूरचे होळकर वेगळ्या वाटेने गेले : १८८६ पासून स्वतःची तिकिटे, आधी तुकोजीरावांच्या चेहऱ्याची. ती संस्थानातच चालत. बडोद्याने टपालाचे तिकीट काढलेच नाही. कोर्ट-फी आणि महसुलाचे छाप होते, ते टपालाचे नव्हेत. कोणी 'बडोदा संस्थानचे पोस्टाचे कार्ड' म्हणून विकायला आला तर विनम्रपणे निरोप द्या.

प्रश्न : तिकिटे पाण्यात भिजवून काढून वेगळी विकावीत का?
— वाचक, इंदूर

उत्तर : नाही. तिकीट काढलेले कार्ड निम्मे मेलेले असते, आणि सुटे तिकीट सहसा फुटकळ. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून नैनीला विमानाने जे टपाल गेले, सुमारे साडेसहा हजार नग, त्यांना मोल आहे ते त्यांच्यावरच्या विशेष शिक्क्यामुळे. तिकीट, शिक्का आणि कार्ड असे तिन्ही मिळूनच ते मोल ठरते. या शिक्क्याच्या नकलाही निघतात. तो जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : कार्डे ठेवायची कशी, भाव कसा काढायचा आणि विकायची कुठे?
— मांडवीजवळचे वाचक

उत्तर : आमच्या बडोद्याच्या पावसाळ्यात शत्रू तीन : दमट हवा, कसर आणि तुमचा स्वतःचा हात. प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटे घेऊ नका, त्यातला तेलकटपणा सुटून कार्डाला चिकटतो आणि छपाई ओढून निघते. डिंक, सेलोटेप, लॅमिनेशन, शाईचा रबर, चारही वर्ज्य. जुन्या अल्बमच्या काळ्या पानावर कार्ड चिकटले असेल तर ओढू नका. अख्खे पान कापून कार्डासकट ठेवा. नोंद करायची तर पाठीवर मऊ पेन्सिलीने, तीही हलकेच. डबा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून नको, कारण पावसाळ्यात ओल तिथूनच येते. आत सिलिका जेल, दर पावसाळ्यात बदला किंवा तव्यावर सुकवा. कार्डावर पांढरी बुरशी दिसली तर ओली फडकी फिरवू नका; आधी कोरड्या हवेत दोन दिवस, मग मऊ ब्रश.

भाव विकणाऱ्याने मागितलेल्या किमतीवरून नव्हे, झालेल्या विक्रीवरून काढा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची वेगळी यादी दिसते, डेलकॅम्प या संग्राहकांच्या संकेतस्थळावर कार्डांचा मोठा बाजार आहे. एकाच छापाच्या चार-पाच झालेल्या विक्रींचा मधला आकडा घ्या, मग कोपरे दबलेले, घडी पडलेली, तिकीट फाटलेले असेल तसे खाली उतरा. नुसती मागून वर्षानुवर्षे पडून राहिलेली किंमत ही किंमत नव्हे, आशा आहे. गठ्ठा एकत्र विकणाऱ्याला गुलाबांचाच भाव मिळतो. पाच गठ्ठे वेगळे विका.

परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायची असतील तर आधी कायदा बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात, काही हस्तलिखिते व नोंदी पंचाहत्तर वर्षांनीच. रविवर्म्याच्या मूळ चित्रांना तर देशाबाहेर नेण्यास बंदीच आहे. छापील कार्ड त्याच गटात मोडेल असे नाही, पण पाकीट सीमाशुल्कात अडकण्यापेक्षा पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला आधी घेतलेला बरा. दाखल्यासाठी कार्डांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, आकार आणि अंदाजी साल तयार ठेवा.