आधी अर्ज घाला, समेटाचं मागाहून

ताई, तेवीस वर्षांचा संसार, हाताला नोकरी नाही आणि "आधी समेटाचं बघू, पोटगीचा अर्ज मागाहून" असं तुम्हाला सांगतायत हे वाचून गप्प बसवेना. माझंही हेच झालं होतं. मी वकील नाही, तेव्हा तुमच्या वकिलांना विचारूनच काय ते करा.

माझ्या वेळी एका समुपदेशन केंद्रातल्या बाई "एवढी वर्षं काढलीत, आणखी थोडं सोसा" म्हणायच्या आणि पुढची तारीख द्यायच्या. नवरा फिरकायचाच नाही. हजेरीच्या वहीत माझी सही, त्याचा रकाना कोरा. असं करत वर्ष गेलं. पोटगी अर्ज घातल्या तारखेपासून धरतात. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलंय. त्यामुळं त्या वर्षाचा एक रुपया मला मिळाला नाही. केंद्रात हे एकानंही सांगितलं नाही, अजून डोकं फिरतं. अहो, अर्ज घातल्यावरही समेट होतो, कौटुंबिक न्यायालय स्वतःच समुपदेशकाकडं धाडतं.

हिंदू विवाह कायद्यात केस चालू असेपर्यंतची पोटगी कलम २४ खाली, कायमची कलम २५ खाली. दोन्ही मागा.

मिळकतीचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं. आपल्याकडं नवरे त्यात पगाराची स्लिप तेवढी लावतात. उसाचं बिल, दुधाचं बिल, पतसंस्थेतली ठेव, गाळ्याचं भाडं, सगळं गायब! घरात आहात तोवर पासबुकांचे फोटो काढून ठेवा. शेत सासऱ्यांच्या नावावर असलं तरी बिल कुणाच्या खात्यावर पडतं ते बघा.

एकरकमी की महिन्याला? माझ्या मते एकरकमी, त्यात नवरा रिटायरमेंटला आला असेल तर नक्कीच. महिन्याची घेणार असाल तर त्याच्या जमिनीवर बोजा, म्हणजे पोटगीसाठी जमीन तारण, मागा, कलम २५ मध्ये तशी सोय आहे. भाऊ "मानानं सोडून दे" म्हणाला तर त्याला म्हणावं, घरभाडं तू भर.

वकिलाच्या फीवरून अडू नका. बाईचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोल्हापुरात कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयात चौकशी करा. आणि दागिने पोटगीत धरू देऊ नका, ते तुमचं स्त्रीधन. पावत्या हरवल्या असतील तर गुजरीतल्या तुमच्या सराफाकडं आत्ताच जाऊन या, दुकान पोराच्या हातात गेलं की जुन्या वह्या रद्दीत जातात.