शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, इथून नगरसेवक होता येईल का? प्रचार कसा करावा?

होता येतं की, समितीवर असण्याला कायद्याची आडकाठी काहीच नाही. तुम्ही लिहिलंय की पालिकेच्या शाळेत समितीचे अध्यक्ष आहात, पालक मानतात, आता पुढच्या महापालिकेला उभं राहून शिक्षण समितीवर जायचंय. वाचलं आणि राहवेना, कारण डिट्टो हेच माझ्या मोठ्या बहिणीने केलं, भांडुपला, २०१७ च्या निवडणुकीत. पडली. आणि ती का पडली यावरून आमच्या घरात अजून वाजतं, गणपतीत सगळे जमले की जेवणं झाल्यावर विषय निघालाच समजा.

वाद आहे माझ्या काकांशी. काका आयुष्यभर एका पक्षाचं काम करत आलेत (कुठल्या ते जाऊदे), आणि त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, शाळेला मत नसतं, गटाराला असतं. म्हणजे लादी बसवा, गटार झाका, पाण्याची लाईन टाका, लोक मत देतील. शाळा सुधारली तर नुसतं छान छान म्हणतील. मला हे साफ चूक वाटतं आणि का ते सांगतो.

ताई अध्यक्ष झाली तेव्हा शाळेत मुलींच्या संडासाला आतून कड्या नव्हत्या. एक मुलगी आत गेली की मैत्रीण बाहेर दार ओढून धरून उभी. मोठ्या मुली तर दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. ताईने आरडाओरडा न करता एकच केलं, दर महिन्याच्या मिटिंगला तोच विषय प्रोसिडिंग बुकात, म्हणजे मिटिंगच्या इतिवृत्ताच्या वहीत, घ्यायला लावला. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात, त्यांना लिहावंच लागायचं आणि खाली सही करावी लागायची. मग त्या बुकाच्या झेरॉक्स घेऊन वॉर्ड ऑफिसला खेटे. कड्या बसल्या, मग नळ, मग लाईट. तोवर आमच्या उतारावरच्या चाळींमधली प्रत्येक बाई तिला नावाने ओळखायला लागली होती.

साहजिकच पक्षवाल्यांच्या नजरेत आली. सोडतीत वॉर्ड महिला राखीव निघाला आणि रोज कोणी ना कोणी चहाला. तिकीट तुमचंच ताई, तुम्ही कामाला लागा. ती लागली, आम्ही सगळेच लागलो, स्वखर्चाने. आणि फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, गेला एका पदाधिकाऱ्याच्या बायकोला, जिने त्या शाळेचं गेटसुद्धा बघितलं नसेल. ताईने त्याच दुपारी अपक्ष भरला, चिन्ह मिळालं कपबशी. काकांनी त्या निवडणुकीत पक्षाचं काम केलं, ताईचं नाही. ते एक असोच.

आता मुद्द्याचं, तुमच्या कामाचं. अपक्ष म्हटल्यावर मतदार यादी विकत आणली आणि रात्री स्वयंपाकघरात पसरून बसलो. एका हातात समितीच्या पालकसभांचे सह्यांचे कागद, दुसऱ्या हातात यादी, लाल पेनाने टिक करत जायचं. पानंच्या पानं उलटली तरी टिका फार होईनात. सगळे ओळखीचे, रोज दिसणारे पालक, पण यादीत नाव नाही. निम्मे आमचे कोकणातले, त्यांचं मत गावाला, कारण ग्रामपंचायतीला एकेका मताचा हिशोब असतो आणि भावकी गाडी करून न्यायला येते. युपीवाले आणि कलबुर्गीकडचे, त्यांचंही तसंच. काही जण भाड्याने, घरमालक ॲग्रीमेंटच करत नाही तर पुरावा कुठला आणणार. आणि त्या निवडणुकीआधी वॉर्डांच्या हद्दी बदलल्या होत्या, त्यामुळं शाळेच्या पलीकडचा उतार शेजारच्या वॉर्डात गेलेला. म्हणजे ज्यांच्या पोरींसाठी ताई झटली ते बरेचसे लोक तिला मत देऊच शकत नव्हते. वर मतदानाच्या दिवशी मुंबईभर नावं गायब असल्याची बोंब झाली ती वेगळीच.

मोजणीला मी टेबलावर एजंट होतो. मशीनवार आकडे लिहून घेतलेत, तो कागद अजून आहे माझ्याकडे. शाळेच्या आजूबाजूच्या बूथवर ताई दुसरी आहे, दोन मोठ्या पक्षांच्या मध्ये, विदाऊट पैसा. टॉवरच्या बाजूच्या बूथवर साफ. एकूण बेरजेत डिपॉझिट गेलं. काका बेरीज दाखवतात, मी बूथ दाखवतो. शाळेला मत असतं काका, फक्त ते यादीत असावं लागतं.

म्हणून प्रचार कसा करावा याचं माझं उत्तर एकच, पत्रकं नंतर, आधी नावं. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी बनवत नाही, विधानसभेची यादी एका ठराविक तारखेची घेतो आणि ती वॉर्डात फोडतो. त्या तारखेनंतर नाव घातलंत तर महापालिकेला उपयोग शून्य. निवडणूक लागल्यावर धावपळ करणारे सगळे इथेच मार खातात. तुम्हाला आता हातात वर्षं आहेत. नवीन नावाला फॉर्म ६, गावाहून इकडे आणायला फॉर्म ८. दर पालकसभेला एक टेबल टाका, मुलांच्या शाळाप्रवेशाला लागतात जवळपास तीच कागदं इथे लागतात, बहुतेकांकडे असतात. गावचं मत सोडायला कोकणी माणूस तयार होत नाही हे धरून चला, तिथं बाईशी बोला, बाया लवकर तयार होतात, मुलांचं सगळं इथेच आहे हे त्यांना कळतं.

आणि दहा-वीस नावांनी काय होतंय म्हणू नका. २०१७ लाच २२० नंबर वॉर्डात सुरेंद्र बागलकर आणि अतुल शाह, दोघांना ५,९४६-५,९४६ मतं पडली होती, शेवटी चिठ्ठी काढली आणि शाह नगरसेवक झाले. एका पालकाचं नाव राहिलं असेल की नाही तिकडे, विचार करा.

खर्चाचं विचारलंय. तेव्हा मर्यादा दहा लाख होती, खरा खर्च कोण किती करतं ते मुंबईत राहणाऱ्याला मी काय सांगू. ताईने पतपेढीचं कर्ज काढलं होतं, तुम्ही काढू नका. नगरसेवकाचं मानधन २०१७ मध्ये दहा हजारांवरून पंचवीस हजार झालं, तेव्हा करिअर म्हणून पगाराचा हिशोब करत असाल तर विसरा.

शिक्षण समितीचं म्हणाल तर तिच्यावर थेट निवडून जाता येत नाही. पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे जागा वाटल्या जातात, म्हणजे तिथे अपक्षाला कोण विचारतो. पुण्याबिण्याला शिक्षण मंडळं होती तीही कायदा बदलून बंद झाली, त्यामुळं कोणी मंडळावर घेतो म्हणाला तर त्याला चहा पाजून पाठवा. आणि मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ मुंबईत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे, शिक्षण समिती पण नाही. तेवढी सगळी वर्षं शाळांच्या व्यवस्थापन समित्या चालू होत्या बरं का. आता ताईची मुलगी पास होऊन गेली, म्हणून ताई समितीत नाही, पण त्या शाळेचे पालक अजून तिच्याकडेच येतात.

पक्षातून लढा की अपक्ष, हे मी सांगणार नाही, माझं मत तुम्हाला कळलंच असेल. फक्त एबी फॉर्म हातात पडेपर्यंत स्वतःच्या खिशातून बॅनर छापू नका.

हे सगळं एका वॉर्डावरून सांगतोय, आणि उमेदवार माझी बहीण होती हेही धरा. टॉवरवाल्या वॉर्डात शाळेचा मुद्दा चालणारच नाही, तिथली पोरं पालिकेच्या शाळेत नसतातच.

अजून एक राहिलं. महापालिकेच्या कंत्राटात तुमचा हिस्सा असला, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, तर उमेदवारी बाद होते. बरेच समितीवाले खिचडीच्या बचत गटात असतात, नाहीतर घरातलं कोणीतरी असतं, आणि छाननीला विरोधक पहिलं तेच शोधून काढतात. तुमच्या मिसेसचं नाव अशा कुठल्या गटात असेल तर तो कागद आत्ताच वकिलाला दाखवून घ्या, फॉर्म भरायच्या आठवड्यात नको.