संकटकाळात ख्रिस्ती माणसाने इतरांसाठी मध्यस्थीची प्रार्थना का करावी?

कारण संकटात सापडलेल्याला कधीकधी स्वतः प्रार्थना करण्याचंही बळ उरत नाही. तेव्हा मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय, त्याच्या वतीने देवापुढे उभी राहते. बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १२ वाचा. हेरोद राजाने येशूचा शिष्य याकोब याला तलवारीने मारलं, दुसरा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकलं. मंडळी मात्र प्रार्थना करत राहिली. पेत्र सुटून योहान मार्काच्या आईच्या दारात आला, तर आत प्रार्थनेला जमलेल्यांचाच विश्वास बसेना! म्हणजे डळमळत्या विश्वासाची प्रार्थनाही देव ऐकतो. याकोब वाचला नाही, हेही तिथेच लिहिलंय. म्हणून प्रार्थना ही सुटकेची हमी आहे, असं मी कुणालाही सांगणार नाही. नव्या करारातल्या १ तीमथ्य या पत्राच्या अध्याय २ प्रमाणे राज्यकर्त्यांसाठीही प्रार्थना करा, ते नावडते असले तरी. आणि आजाऱ्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करत असाल, तर त्याला भेटायलाही जा.